वहिनीची मुलाखत

माणसं सांभाळायचं शास्त्र शिकायला धाकटी विद्यापीठात जाऊ लागली, तेव्हा पहिली टर उडवली ती दादानं.

"एचआर म्हणजे नक्की काय गं?" त्यानं विचारलं.

"मनुष्यबळ व्यवस्थापन. माणसं निवडायची, कामाला लावायची, त्यांची गाऱ्हाणी ऐकायची, भांडणं मिटवायची."

"अरे वा! तुझी वहिनी हे सगळं करते आणि वर लॉन्ड्रीत नोकरीही करते. तिला कुठल्या विद्यापीठानं पदवी दिली?"

"तुमच्याशी संसार केला, तीच पदवी," वहिनी आतून म्हणाली. "शिकू द्या तिला. तुमचं काय जातंय?"

हे असं नेहमीचंच. धाकटीची आई गेली तेव्हा ती फ्रॉक घालायच्या वयाची होती. दादाचं नुकतंच लग्न झालेलं. नव्या नवरीनं घरात पाऊल टाकलं आणि तिच्या पदरात एक नणंद पडली, अजून शेंबूड पुसावा लागणारी. वहिनीनं तिची वेणी घातली, गृहपाठ घेतला, तापात उशाशी बसली. तिचं स्वतःचं शिक्षण शाळेतच थांबलेलं, पण धाकटीनं पदवीनंतर कुरिअरच्या काउंटरला चिकटून वर्षांमागून वर्षं घालवली तेव्हा तीच हात धुऊन मागे लागली. "पाकिटांवर शिक्के मारायला जन्माला आलीस का गं तू?" उठता बसता एकच टुमणं. शेवटी धाकटीनं व्यवसाय व्यवस्थापनाला प्रवेश घेतला. सकाळी काउंटर, दुपारनंतर विद्यापीठ. वर्गातली बाकीची पोरं तिच्यापेक्षा लहान. ती तिला मागून 'काकू' म्हणायची. तिला ते ठाऊक होतं. तिशीत काकू झाल्याचं दुःख गिळून ती पहिल्या बाकावर बसायची.

अभ्यासात ती कुठं कमी पडली नाही. अडली ती प्रॅक्टिकलला.

त्या विभागाची एक रीत होती. शेवटच्या वर्षाला प्रत्येक विद्यार्थ्यानं निवड-मुलाखत घेऊन दाखवायची. उमेदवार आपला आपण आणायचा, तोही बाहेरचा, खरोखर कुठं तरी नोकरी करणारा. बाहेरच्या कंपनीतले एक साहेब परीक्षक म्हणून शेजारी बसणार. आणि मुलाखत संपली की निर्णय तिथल्या तिथं, उमेदवाराच्या तोंडावर, कारणासकट सांगायचा. 'नंतर कळवतो' म्हणालात की गुण कापले. उमेदवाराला हे सगळं नाटक आहे हे ठाऊकच असायचं.

पहिल्या खेपेला धाकटीनं काउंटरवरच्या मैत्रिणीला नेलं. "ही नोकरी तुम्हाला का हवी?" असं धाकटीनं गंभीरपणे विचारलं, आणि ती बया फिसकन हसली. "मला नकोच आहे, हिनं आणलं म्हणून आले." परीक्षकांनी पेन बंद केलं. धाकटी नापास. आता एकच संधी उरली होती, आणि तीही गेली तर दोन वर्षांची मेहनत पाण्यात.

विभागाच्या मॅडमनी तिला खोलीत बोलावून सुनावलं. "नाटक आहे हे ज्याला माहीत असतं, तो नाटकच करतो. तुझ्या उमेदवाराला वाटलं पाहिजे की आपलं काही तरी पणाला लागलंय. नाही तर मला पुन्हा हे खिदळणं दाखवू नकोस."

आता मॅडम म्हणाल्या ते एवढंच. माणसाला फसव, असं त्या मुळीच म्हणाल्या नव्हत्या. पण घाबरलेल्या माणसाची अक्कल चरायला जाते. धाकटीनं ते शब्द जसेच्या तसे गाठीला बांधले आणि घरी येऊन वहिनीला म्हणाली, "वहिनी, पुढच्या आठवड्यात सुट्टी घे एक दिवस. आमच्या विद्यापीठात एका मोठ्या हॉटेलचे साहेब येणार आहेत. चादरी-टॉवेलच्या विभागावरच्या सुपरवायझरची मुलाखत आहे. मी घेणार आहे, ते ऐकणार आहेत. तू ये."

यात एकही शब्द तसा खोटा नव्हता. साहेब हॉटेलचेच होते. मुलाखत होतीच. फक्त नोकरी नव्हती, आणि तेवढंच सांगायचं राहिलं होतं.

"मी? आणि सुपरवायझर?" वहिनीनं तोंडावर हात ठेवला. "खुळी का काय तू!"

पण हो म्हणाली.

धाकटीनं सगळं मनात पक्कं ठरवलं होतं. शेवटी नकार द्यायचा. 'तुमचा अनुभव चांगला आहे, पण या जागेसाठी शिक्षण कमी पडतं.' कारणासकट निर्णय, पूर्ण गुण. घरी येऊन वहिनीच्या गळ्यात पडून खरं सांगून टाकायचं. वहिनी दोन धपाटे घालेल, मग हसेल. कुणाचं काही जाणार नाही. किती सोपं होतं!

मुलाखतीच्या दिवशी वहिनी वेळेच्या कितीतरी आधी येऊन व्हरांड्यात बसली होती. ठेवणीतले कपडे, तेल लावून चापून बसवलेले केस. विद्यापीठाच्या त्या लांबलचक व्हरांड्यात पोरंपोरी मोबाइल बघत भिंतीला टेकलेली, आणि त्यांच्यात ही ताठ बसलेली, पर्स मांडीवर घट्ट धरून.  अजून वेळ होता. बाजूला घेऊन दोन शब्द सांगता आले असते. पण आतून शिपायानं नाव पुकारलं.

खोलीत एक लांब टेबल. एका बाजूला धाकटी, तिच्या शेजारी परीक्षक, मागच्या खुर्चीवर मॅडम. समोर वहिनी.

"नमस्कार. बसा. आधी तुमच्याबद्दल थोडं सांगा."

"तुला काय सांगू..." वहिनी गडबडली. "म्हणजे तुम्हाला. मी लॉन्ड्रीत आहे. हॉस्पिटलच्या चादरी येतात आमच्याकडे. मी गरम रोलरवर असते. ओली चादर दोघींनी दोन टोकं धरून आत सोडायची, पलीकडून दोघी घडी घालतात."

परीक्षकांनी मान हलवली. तो माणूस मन लावून ऐकत होता, आणि वहिनीच्या ते लक्षात आलं. तिचे खांदे जरा सैल झाले.

"हाताखालच्या कुणाची चूक झाली तर काय कराल?"

"आधी तिला खाली बसवीन," वहिनी म्हणाली. "उभ्या माणसाला कबूल करता येत नाही हो. त्याला पळायचंच सुचतं."

परीक्षकांनी काहीतरी लिहून घेतलं. धाकटीनं पुढचा प्रश्न विचारला. पुस्तकातला, ठरलेला, सगळीकडे विचारतात तोच.

"सध्याची नोकरी का सोडायची आहे?"

  वहिनीनं दोन्ही हात टेबलावर ठेवले.

"खरं सांगू? मनगटं गेली माझी. ओल्या चादरी ओढून ओढून. बोटांना मुंग्या येतात, मग काही कळतच नाही. घरी कप पडतो हातातून. मी म्हणते, साबण राहिला होता, निसटला. घडीच्या टेबलावर बसवा म्हणून सुपरवायझरला सांगितलं, तर तो म्हणाला, तुला खुर्ची देतो, वर पंखा धरायला माणूसही देतो. सगळ्या हसल्या. मग मी परत नाही मागितलं."

धाकटीनं ते कप बघितले होते. फुटलेले तुकडे स्वतःच्या हातांनी गोळा केले होते. "वहिनी, तुझे हात म्हणजे लोणी लावलेले," असं चिडवलंही होतं. एका छताखाली राहून तिनं एकदाही विचारलं नाही, आणि इथं टेबलापलीकडे बसून, गुणांसाठी, विचारलं तेव्हा कळलं. तिला स्वतःची लाज वाटली, इतकी की टेबलाखाली जाऊन बसावं.

"घरी का नाही सांगितलंत?" हा प्रश्न पुस्तकात नव्हता.

"घरी कुणी विचारलं तर सांगायचं ना," वहिनी साधेपणानं म्हणाली.

वेळ संपत आली होती. परीक्षकांनी धाकटीकडे बघितलं. आता निर्णय. 'तुमचा अनुभव चांगला आहे, पण.' शब्द ओठांवर होते. समोर वहिनी दोन्ही हात तसेच टेबलावर ठेवून बसली होती, आणि त्या हातांना 'नाही' म्हणायची छाती धाकटीला झाली नाही.

"तुमची निवड झाली आहे," ती म्हणाली. "माणसांना समजून घेणारी व्यक्ती या जागेला हवी होती. अभिनंदन."

परीक्षक उठून उभे राहिले, त्यांनी हसून वहिनीला म्हटलं, "फार छान बोललात तुम्ही." बिचाऱ्याला वाटलं, बाईंना सगळं माहीत असणारच. मॅडमही खूश. वहिनीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. तिनं टेबल ओलांडून धाकटीचं तोंड कुरवाळलं आणि मग आपण मुलाखतीत आहोत हे आठवून घाईनं हात मागे घेतला.

करायला गेले काय अन् वरती झाले पाय, म्हणतात ते हे!

बसमध्ये सांगावं, असं धाकटीनं ठरवलं. बसमध्ये वहिनी सारखी तिचा हात धरून होती. घरी पोचल्यावर सांगावं, तर दारातच वहिनीनं दादाला बातमी दिली. दादा उठून उभाच राहिला. आयुष्यभर बहिणीची टिंगल करणारा माणूस, पण आज त्याला टिंगल सुचली नाही. "धाकटे, तू आज माझ्यावर उपकार केलेस बघ. हिला त्या भट्टीतून बाहेर काढायचं माझ्याच्यानं झालं नव्हतं." आता या क्षणी कोणत्या तोंडानं सांगणार? उद्या सकाळी, ती कामावर निघायच्या आधी नक्की, असं म्हणून ती पानावरून उठली. तुम्ही आम्ही तरी दुसरं काय केलं असतं, सांगा. वाईट बातमी उद्यावर ढकलायला फार अक्कल लागत नाही.

सकाळी ती स्वयंपाकघरात आली तर दादा एकटाच चहा करत होता.

"वहिनी?"

"गेली की. झोप कुठली तिला! म्हणाली, आज जाऊन त्या घड्याळाला तोंडावर सांगते आणि मोकळी होते."

घड्याळ म्हणजे लॉन्ड्रीचा सुपरवायझर. कुणी बाई संडासला गेली की हा मनगट वर करून उभा राहायचा, म्हणून बायकांनी ठेवलेलं नाव.

धाकटीचं धाबं दणाणलं. पायात मिळेल ती चप्पल सरकवून ती पळत सुटली. बस येईना. आली ती खच्चून भरलेली. फोन लावला तर वाजून वाजून बंद झाला, कारण आत जाताना फोन कपाटात ठेवावे लागत. सिग्नलला बस थांबली तशी ती मधेच उतरली आणि दुकानांच्या शटरांसमोरून, बादल्या ओतणाऱ्या लोकांना चुकवत पळू लागली. छातीत कळ येत होती. तोंडानं एकच चाललं होतं. "थांब गं, थांब गं वहिनी, एवढं बोलू नकोस."

फाटकावर रखवालदारानं अडवलं. "घरी कुणीतरी सीरियस आहे," धाकटी म्हणाली. तो बाजूला झाला.

आत वाफेचा दमट वास आणि यंत्रांची घरघर. पण रोलरपाशी कुणी नव्हतं. सगळ्या बायका मधल्या वाटेत घोळका करून उभ्या होत्या, आणि मध्यभागी वहिनी.

"...आणि मनगट वर करून कुणाचं काय मोजायचंय ते मोज! पोटुशी बाई असो, म्हातारी असो, तुला लाज नाही. मी चालले. माझ्याजागी उद्या तू ओढ चादरी, म्हणजे कळेल!"

कुणीतरी टाळी वाजवली. मग दोघीतिघींनी. वहिनीचा चेहरा असा कधीच दिसला नव्हता. तिनं धाकटीला बघितलं आणि ओरडून म्हणाली, "ही बघा, हिनंच नेमलं मला! माझी नणंद! माझ्या हाताखाली वाढलीय!"

सगळ्या वळून बघू लागल्या. कुणी कौतुकानं हसली. धाकटीला वाटलं, आत्ताच्या आत्ता जमीन दुभंगावी.

"वहिनी, जरा बाहेर ये."

"इथंच बोल की. आता कुणाला भ्यायचंय?"

"बाहेर ये. पाया पडते तुझ्या."

मागच्या अंगणात मळक्या चादरींची गाठोडी रचली होती. वहिनी अजून धापा टाकत होती, हसत होती. धाकटीचा चेहरा बघून हसू हळूहळू उतरलं.

"काय झालं? जागा गेली का?"

बघा, सुटकेची वाट वहिनीनंच उघडून दिली. फक्त 'हो' म्हणायचं. हॉटेलवाल्यांनी ऐन वेळी दुसऱ्याला घेतलं. सगळं खापर त्या न बघितलेल्या हॉटेलवर. वहिनी हळहळली असती, हॉटेलला चार शिव्या घातल्या असत्या, आणि धाकटी होती तशीच चांगली राहिली असती. तो 'हो' धाकटीच्या जिभेवर आला होता.

"जागा नव्हतीच," ती म्हणाली. "ती माझी परीक्षा होती."

वहिनीला ते कळायला वेळ लागला.

"आणि ते साहेब?"

"परीक्षक."

"मग ते म्हणाले, छान बोललात, ते?"

"ते खरंच म्हणाले असतील गं. पण नोकरी नव्हती. मी आधीच सांगायला हवं होतं, पण तुला माहीत असतं तर... मला नापास केलं असतं. मी नाहीच म्हणणार होते, ठरवलं होतं मी. पण तू हातांचं सांगितलंस आणि..."

"मार्क मिळाले?"

"हो."

"मला?"

"तुला नाही, वहिनी. मला."

आतून रोलर पुन्हा सुरू झाल्याचा आवाज आला. वहिनीनं गाठोड्यावर हात टेकला. रडली नाही. धाकटीला वाटत होतं, हिनं मारावं, शिवी द्यावी, काहीतरी करावं.

"मी जाते आत," धाकटी डोळे पुसत म्हणाली. "त्याला सांगते, चूक माझी आहे. मी मागते त्याची माफी. हात जोडते."

"तू गप्प राहा!" वहिनी कडाडली. "त्याच्यासमोर हात जोडायला वाढवलं का मी तुला? माझं तोंड, मी बोलले, मीच निस्तरीन. तू इथून हलू नकोस."

धाकटी हलली मात्र. दारात उभी राहिली.

घड्याळ हाताची घडी घालून उभा होता. त्याला माणसं कमी होती, हॉस्पिटलचा माल तुंबला होता, त्याला वहिनी हवीच होती. पण तेवढ्यावर कसला सोडतो! "शिव्या सगळ्यांसमोर दिल्यास ना? मग माफीही सगळ्यांसमोर. मशीन बंद करा रे!"

यंत्र थांबलं. टाळ्या वाजवणाऱ्या बायका आता स्वतःच्या पायांकडे बघत होत्या.

"चुकलं माझं," वहिनी म्हणाली.

"ऐकू नाही आलं मागच्यांना."

"चुकलं माझं. रागाच्या भरात बोलले. पुन्हा बोलणार नाही. कामावर राहू द्या." तिनं हे मोठ्यानं, स्पष्ट, मान न झुकवता सांगितलं. मग जाऊन चादरीचं टोक उचललं. दुसरं टोक धरायला एक म्हातारी मुकाट्यानं पुढं आली.

धाकटी तिथून थेट विद्यापीठात गेली. मॅडमना सगळं सांगितलं, आडपडदा न ठेवता, आणि म्हणाली, माझे गुण रद्द करा. मॅडमचा चेहरा पडला.  मग म्हणाल्या, "उद्या लेखी अर्ज दे. नापास व्हायचं असेल तर तसं कर."

संध्याकाळी तिनं वहिनीला ते सांगितलं. तेवढंच आपलं प्रायश्चित्त, असं तिला वाटलं होतं. वहिनी भाजी चिरत होती, ती सुरी ठेवून उठली.

"अर्ज देऊन आलीस?"

"उद्या देणार आहे."

"देऊन तर बघ! तंगडं मोडीन! अगं, त्या माणसासमोर मी नाक घासलं, त्याची कमाई काय? तुझे मार्क. तेवढेच पदरात पडलेत, ते पण फेकून येतेस? तुझ्या मनाला बरं वाटावं म्हणून? मग मी कशाला गेले होते तिथं, शोभेला?"

दादा आतल्या खोलीतून ऐकत होता. तो बाहेर आला नाही.

अर्ज दिला गेला नाही. धाकटी पास झाली, मुलाखतीच्या प्रॅक्टिकलमध्ये वर्गात पहिली. मॅडमनी एवढं केलं, की पुढच्या वर्षापासून उमेदवाराला हे नाटक आहे हे शिपायासमोर आधी सांगायचा नियम आणला. धाकटीला नंतर औषधांच्या एका कारखान्यात एचआर विभागात नोकरी लागली. तिथं ती मुलाखत घेते तेव्हा जागा किती आहेत, कुणासाठी आहेत, हे सगळं आधी सांगून टाकते. उमेदवार कंटाळतात. पहिल्याच वर्षी तिनं वहिनीला डॉक्टरकडे नेलं, लॉन्ड्रीही सोडायला लावली. मनगटं आता पुष्कळ बरी आहेत म्हणे. म्हणे, कारण धाकटीला नक्की माहीत नाही.

वहिनीनं कधी डूख धरला नाही. बोलते, हसते, धाकटीच्या आवडीचं करून घालते. आल्यागेल्याला सांगते, आमची धाकटी मोठ्या हुद्द्यावर आहे, माणसं नेमते. फक्त एक झालंय. धाकटी कधी शेजारी बसून विचारते, "वहिनी, कशी आहेस गं? हात दुखतात का अजून?"

वहिनी तिच्याकडे बघते, मिस्कील हसते आणि म्हणते, "खरं विचारतेस, का परीक्षा आहे?"

दादा खो खो हसतो. वहिनीही हसते. घरात हा विनोद आता जुना झालाय.

"खरं विचारतेय," धाकटी म्हणते आणि वाट बघते.

"मग बरी आहे हो मी," वहिनी म्हणते आणि उठून आत जाते.